तिसऱ्या कप्प्यातलं अक्षर

तीर्थाच्या आईच्या शरीरात एक अक्षर बदललेलं होतं. ते अक्षर वाईट आहे की बिनधोक, हे जगातल्या कुणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टरांना नाही, मोठमोठ्या प्रयोगशाळांना नाही, आणि असल्या अक्षरांची जगभरातली नोंद ज्याच्यापाशी असते त्या कोशपालालाही नाही. तीर्थाला सगळ्यात जास्त राग आला होता तो या कोशपालाचाच.

कोशपाल म्हणजे एक यंत्रमानव. सांगलीत, कृष्णेचं पुराचं पाणी पोचणार नाही अशा उंच जागी बांधलेल्या जनुकभेद केंद्रात तो काम करायचा. उंचीनं तीर्थाच्या खांद्याएवढा, अंगानं कपाटासारखा चौकोनी आणि स्वभावानं इतका थंड, की कुणी त्याच्यावर ओरडलं तर "आवाजाची पातळी नोंदवली" एवढंच म्हणायचा. तीर्थानं त्याचं नाव नोंद्या ठेवलं होतं. केंद्राची देखरेख तिच्या आजोबांकडे, म्हणजे बाबांच्या वडिलांकडे होती. डॉक्टर नेमिनाथ चौगुले हे जनुकशास्त्रज्ञ. सत्तरी उलटली तरी रोज सायकलवरून केंद्रात जायचे आणि वाटेत जो भेटेल त्याला थांबवून काहीबाही समजावून सांगायचे. सांगलीतल्या निम्म्या भाजीवाल्यांना पेशी म्हणजे काय हे ठाऊक होतं, ते त्यांच्याच कृपेनं.

त्या शनिवारी तीर्था शाळेतून थेट केंद्रात आली, दप्तर खुर्चीवर आपटलं आणि नोंद्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझ्या आईचं अक्षर कुठल्या कप्प्यात आहे?"

"परवानगीशिवाय सांगता येत नाही."

"परवानगी आहे." तिनं मनगटावरची पट्टी पुढे केली. सकाळी आईनं "जा बाई, बघ एकदाचं काय बघायचंय ते" असं वैतागून म्हणत त्या पट्टीवर अंगठा टेकवला होता.

नोंद्यानं पट्टी वाचली. "तिसरा कप्पा. अनिश्चित."

"म्हणजे काय?"

"म्हणजे माहीत नाही."

"एवढं मोठं यंत्र, आणि म्हणे माहीत नाही! मग तुझा उपयोग काय?"

"माहीत नसताना माहीत आहे असं न सांगणं, हा एक उपयोग आहे," नोंद्या म्हणाला.

पलीकडच्या टेबलावर आजोबा भडंग खात बसले होते. ते हसले, पण लगेच गप्प झाले, कारण नातीचे डोळे भरून आलेले त्यांना दिसले.

प्रकरण तसं साधं नव्हतंच. आईचे वडील, भूपाल मगदूम, यांना तीर्थानं फक्त फोटोत पाहिलं होतं. शेहेचाळिसाव्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगानं ते गेले. आईच्या सख्ख्या भावाला, अभयमामाला, चाळिशीच्या आतच तोच आजार झाला. मामाचं ऑपरेशन झालं, तो आता ठणठणीत होता. पण एकाच घरात दोघांना, आणि तेही इतक्या लवकर, म्हटल्यावर डॉक्टरांनी घरातल्यांची जनुकं तपासली. मामामध्ये एक बदललेलं अक्षर सापडलं. भूपालआजोबांच्या जपून ठेवलेल्या नमुन्यातही तेच निघालं. आणि आईमध्येही.

डॉक्टर आईला सांगून दमले होते, की अक्षराचं काय ठरायचं ते ठरू दे, वडील आणि भाऊ दोघं आजारी पडलेत तेव्हा दुर्बिणीनं आतड्याची तपासणी करून घ्याच. आई आज-उद्या करत होती. "कोशालाच माहीत नाही ते अक्षर वाईट आहे की नाही, मग मी कशाला पोटात दुर्बीण घालून घेऊ?" असं तिचं म्हणणं. ती हे हसत म्हणायची, पण तपासणीचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जायची, आणि ते तीर्थाला दिसत होतं. आई घाबरली होती. आई घाबरते ही गोष्टच तीर्थाला सहन होत नव्हती. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की काहीही करून हे अक्षर पहिल्या कप्प्यात, म्हणजे बिनधोक कप्प्यात, ढकलायचं.

"बस इथं," आजोबा म्हणाले आणि भडंगाची वाटी तिच्यापुढे सरकवली. "आधी हे कप्पे काय आहेत ते समजून घे. मग त्याच्याशी भांड."

त्यांनी समोरच्या पडद्यावर बोटानं लिहिलं: आमटीत एक चमचा मीठ घालावे.

"आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो (पेशीच्या आत गुंडाळून ठेवलेली एक लांबलचक साखळी). त्यात चारच प्रकारची रासायनिक अक्षरं असतात, पण त्यांच्या वेगवेगळ्या क्रमांतून शरीराचा सगळा मजकूर लिहिलेला असतो. त्या मजकुरातला, एखादं काम कसं करायचं ते सांगणारा एक तुकडा म्हणजे जनुक. आमटीच्या कृतीतली ही एक ओळ समज. आता मी यात एक बदल करतो."

त्यांनी 'घालावे' पुसून 'घालावं' केलं. "आमटी बिघडेल?"

"नाही."

"हा झाला पहिला कप्पा. निरुपद्रवी. माणसामाणसांत असे लाखो फरक असतात. त्यांना जनुकभेद म्हणतात, आणि त्यातले बहुतेक असेच, कुणाच्या अध्यात ना मध्यात." मग त्यांनी 'चमचा' खोडून 'वाटी' लिहिलं. "आणि आता?"

"ई! तोंडात घालवणार नाही."

"हा पाचवा कप्पा. घातक. दुसरा कप्पा बहुधा निरुपद्रवी आणि चौथा बहुधा घातक. बहुधा म्हणजे जवळजवळ खात्री, पण थोडी जागा चुकीला ठेवलेली." आता त्यांनी 'वाटी' पुसून 'पळी' लिहिलं. "आणि हे?"

तीर्था विचारात पडली. त्यांच्या घरी तेलाची पळी होती ती अगदीच चिमुकली. निपाणीच्या अक्काआजीकडे मात्र आमटी वाढायची भलीमोठी पळी होती. "कुणाच्या घरची पळी, त्यावर आहे ते."

"बरोबर! ओळ नुसती वाचून कळत नाही. आमटी करून बघावी लागते, नाहीतर ज्यांनी ज्यांनी खाल्ली त्यांना विचारावं लागतं. हा आपला तिसरा कप्पा. तुझ्या आईचं अक्षर पळीसारखं आहे."

"मग करून बघा ना आमटी!"

"केली," नोंद्या मध्येच म्हणाला. "प्रयोगशाळेत तो बदल मुद्दाम घडवून पाहिला. निकाल काठावरचा आला. काम चालतं, पण थोडं मंद."

"कसलं काम?"

आजोबांनी खुर्ची पुढे ओढली. आता त्यांचा खरा आवडता भाग आला होता. "आपल्या आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. म्हणजे तिथल्या पेशी सारख्या नव्या बनतात, आणि प्रत्येक वेळी सगळा मजकूर नव्यानं उतरवून घ्यावा लागतो. शाळेत फळ्यावरचं भराभर उतरवून घेताना तुझ्या चुका होतात की नाही?"

"माझ्या नाही होत. नीलच्या होतात."

"बरं, नीलच्या. तर पेशीतही होतात. म्हणून काही प्रथिनं (पेशीतली कामकरी रसायनं) उतरवलेला मजकूर तपासत फिरतात आणि चूक दिसली की दुरुस्त करतात. ही दुरुस्ती करणारी प्रथिनं कशी बनवायची, हेही जनुकांतच लिहिलेलं असतं. तुझ्या आईचं बदललेलं अक्षर नेमकं अशा एका दुरुस्ती-जनुकात आहे."

तीर्थाच्या तोंडातला भडंग तसाच राहिला. "म्हणजे चुका शोधणाऱ्यालाच चूक झाली?"

"झालीय का, तेच तर माहीत नाही. झाली असेल तरी लगेच काही होत नाही. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी काम रेटून नेते. पण आयुष्यात कधीतरी आतड्याच्या एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली, तर त्या पेशीत दुरुस्ती करायला कुणी उरत नाही. चुका साचत जातात. ती पेशी भलतीच वाढायला लागते. आधी एक छोटा कोंब येतो, मग वर्षांमागून वर्षं गेली की त्याचा कर्करोग होऊ शकतो. होतोच असं नाही. ज्यांचं दुरुस्ती-जनुक बिघडलेलं असतं त्यांच्यात धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो, एवढंच."

तीर्थानं तोंडातला भडंग गिळला. मग म्हणाली, "ज्यांनी आमटी खाल्ली त्यांना विचारायचं राहिलं."

आजोबांनी नोंद्याकडे पाहून मान हलवली. नोंद्यानं पडद्यावर मगदूम घराण्याचा वंशवृक्ष (कोण कुणाचं मूल हे दाखवणारी आकृती) काढला. त्यात नाव एकही नव्हतं. पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी वर्तुळ. ज्यांना आजार झाला त्यांचा आकार काळा भरलेला, जे हयात नाहीत त्यांच्यावर तिरकी रेघ. ज्यांच्यात बदललेलं अक्षर सापडलं त्यांच्यापाशी एक ठिपका.

"नावं कुठायत?"

"कोशात नावं ठेवत नाहीत," नोंद्या म्हणाला. "कुणाच्या घरात काय आजार आहे ते जगाला कळायचं कारण नाही. आता नियम ऐक. आईवडिलांकडून मुलाला दोन प्रतींपैकी एकच मिळते. बदललेली किंवा चांगली. नाणं उडवल्यासारखं. अक्षर निर्दोष असेल, तर आजारी माणसांत ते कधी सापडेल, कधी नाही. अक्षर दोषी असेल, तर आजारी माणसांत ते पुन्हा पुन्हा सापडेल. एकदा छापा पडला तर त्यात नवल नाही. सलग पाच वेळा छापाच पडला, तर नाण्यात काहीतरी आहे असा संशय घ्यावा. सलग पाच छापे नुसत्या योगायोगानं बत्तीस खेपांत एकदाच पडतात."

"मग आमच्याकडे किती छापे पडले?"

"एक. तुझा मामा. मोजणी तुझ्या आईच्या वडिलांपासून सुरू होते, म्हणून ते स्वतः त्यात नाहीत. तुझी आई निरोगी आहे, तिचं वय अजून कमी आहे, तिला सध्या मोजत नाही. आणि हे बघ." भूपालआजोबांच्या चौकोनाशेजारी एक वर्तुळ उजळलं. काळं भरलेलं, वर रेघ, पण ठिपका नाही. "ही त्यांची बहीण. बावन्नाव्या वर्षी त्याच आजारानं मृत. अक्षर नाही. आजार आहे आणि अक्षर नाही, म्हणजे हा पुरावा अक्षराच्या बाजूनं जातो. त्यामुळे ते तिसऱ्या कप्प्यातून हलत नाही."

तीर्थानं त्या वर्तुळाकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"भूपालआजोबांना बहीण एकच होती," ती म्हणाली.

"हो. एकच नोंद आहे."

"पण अक्काआजी तर जिवंत आहे! निपाणीला असते. मागच्या महिन्यात तिनं आम्हाला करदंटाची मिठाई पाठवलीय. फोनवर मला ओरडली पण, केस कापले म्हणून!"

आजोबा उभेच राहिले. नोंद्यानं ती नोंद पुन्हा उघडली.

"तुझ्या आईला मी नातेवाइकांची जन्मनावं विचारली होती," तो म्हणाला. "तिनं तुझ्या मामाला फोन करून विचारलं आणि भूपाल मगदूम यांच्या बहिणीचं नाव सांगितलं. सुमती मगदूम. सांगलीतल्या जुन्या नमुन्यांत सुमती मगदूम या नावाचा मेणाचा ठोकळा होता. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणात घालून ठेवतात, तो वर्षानुवर्षं टिकतो. नाव जुळलं, आडनाव जुळलं, गाव जुळलं, वय जुळलं. मी जोडलं."

"पण आमच्या अक्काआजीचं आडनाव आवटी आहे. आणि नाव शांता."

"आडनाव लग्नानंतर बदलतं हे माझ्या नियमांत आहे. काही बायका ते बदलत नाहीत हेही आहे. पहिलं नाव बदलतं हे नाही."

आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! तुझी आजी माहेरची चंदना. माझ्या आईनं तिची पद्मजा केली. आमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नाव मीच लिहिलं होतं. आणि चाळीस वर्षं वंशवृक्ष काढत बसलो, पण एकदाही हे नियमात घालायचं सुचलं नाही. नियम करणारी मंडळी दुसऱ्या देशांतली, त्यांना कुठून कळणार? मला कळायला हवं होतं."

तीर्थाला आधी फार आनंद झाला. नोंद्याची चूक पकडली होती, आणि तीही आजोबांच्या देखत. तिनं ऐटीत विचारलं, "मग आता हे चुकीचं वर्तुळ काढून टाक. अक्षर कुठल्या कप्प्यात जातं बघू."

"हे वर्तुळ अक्षराच्या बाजूनं बोलत होतं," नोंद्या म्हणाला. "ते काढलं की अक्षराच्या बाजूनं कुणीच उरत नाही."

तीर्थाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आपण काय करून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. ती अक्षराला बिनधोक कप्प्यात ढकलायला आली होती, आणि तिनं नेमकं उलट्या दिशेला ढकललं होतं. ती आजोबांजवळ गेली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, आपण हे कुणाला नाही सांगितलं तर?"

आजोबांनी तिला जवळ घेतलं. रागावले मात्र नाहीत. "तर कोशात एक खोटी गोष्ट लिहिलेली राहील, आणि तुझी आई तिच्या भरवशावर बसेल. अक्षर तिच्या अंगात जन्मापासून आहे, बाळ. आपण ते कुठल्या कप्प्यात लिहितो त्यानं ते बदलत नाही. आपल्याला फक्त खरं कळतं की नाही, एवढाच प्रश्न आहे."

"पण आई घाबरेल."

"घाबरेल. आत्ताही घाबरलेलीच आहे ना?"

तीर्थाला रडू आलं, आणि ती चांगली पोटभर रडली. नोंद्यानं आवाजाची पातळी नोंदवली नाही. हे त्याचं त्या दिवसातलं सगळ्यात शहाणपणाचं वागणं म्हणायला हरकत नाही.

घरी गेल्यावर तीर्थानं आईला सगळं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं, गॅस बंद केला, आणि हात पुसत म्हणाली, "ठोकळ्यातली ती माझी काकी असणार. अजितकाकांची बायको. तिला आम्ही जन्मभर काकीच म्हणत आलो, तिचं नाव सुमती होतं हे माझ्या डोक्यातच नाही आलं. काकी त्याच आजारानं गेली. पण मला रक्ताचीच नाती विचारली होती, आणि काकी काही रक्ताची नव्हे, म्हणून मी सांगितलंच नाही." मग तिनं निपाणीला फोन लावला. भिंतीवरच्या पडद्यावर अक्काआजी दिसायला लागली, नेहमीप्रमाणे कॅमेऱ्याच्या फार जवळ, त्यामुळे फक्त चष्मा आणि कपाळ.

"जय जिनेंद्र, आत्या," आई म्हणाली. "एक विचारायचं होतं. तुझं माहेरचं नाव सुमती ना?"

"मीच की सुमती! का गं, आज एकदम?" अक्काआजी म्हणाली. "लगीन करून निपाणीला आले, तर इथं नणंदेचं नाव सुमती. एका घरात दोन सुमती कशा चालतील? म्हणून ह्यांनी तांदळात लिहिलं शांता. पुढं तुझ्या अजितकाकाचं लगीन झालं, तर नवी नवरी पण सुमतीच निघाली! भटजी म्हणाले, नणंदेचं नाव हाय, बदलूया. आई म्हणाली, बदलायचं न्हाई. आमची सुमती आता शांता झालीया, घरात सुमती म्हणून हाक मारायला कोणतरी पायजे की."

आईनं डोळे मिटले. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. "आत्या, तुला कधी पोटाचा काही त्रास झाला होता?"

पडद्यावरचा चष्मा थोडा मागे गेला. आता अक्काआजीचा सगळा चेहरा दिसला.

"झाला होता," ती म्हणाली. "त्रेचाळीस वर्सांची होते. बेळगावला ऑपरेशन केलं, आतड्याचा तुकडा काढला. भूपालला सांगितलं न्हाई, कुणालाच सांगितलं न्हाई. पोरींची लग्नं व्हायची होती. लोक म्हणतात ना, ह्यांच्या रक्तातच हाय. माहेरी म्हटलं, गर्भाशयाचं ऑपरेशन झालं." तिनं चष्मा वर सरकवला. "दोन वर्सांमागं आमच्या पोराचं, महावीरचं पण झालं, पुण्याला. त्यानं पण सांगू नको म्हटलं. आम्ही सगळी लपवणारीच बाई."

"आत्या, तू सांगितलं असतंस तर अण्णा वेळेवर डॉक्टरकडे गेले असते." आईचा आवाज चढला होता. भूपालआजोबांना ती अण्णा म्हणायची.

अक्काआजीनं पदर डोळ्यांना लावला. "खरं हाय, स्नेहल. लई वर्सं तेच टोचतंय. आता काय करू ते सांग, मी करते."

करण्यासारखं बरंच होतं, आणि अक्काआजीनं ते सगळं केलं. एकदा ठरवल्यावर ती कुणाचं ऐकणारी नव्हती. महावीरमामांना तिनं दम देऊन केंद्रात पाठवलं. साठीला आलेल्या दोन्ही मुलींनाही घेऊन ती स्वतः सांगलीत आली, एका नळीत थुंकून लाळेचा नमुना दिला आणि नोंद्याकडे चष्म्यातून निरखून पाहत म्हणाली, "तूच व्हय रे मला मारलंस?"

"नोंद दुरुस्त केली आहे," नोंद्या म्हणाला. "आपण जिवंत आहात."

"लई उपकार झाले बाबा!"

काही आठवड्यांनी निकाल आले. अक्काआजीमध्ये तेच अक्षर होतं. महावीरमामांमध्येही होतं. दोघी मुलींमध्ये नव्हतं, आणि दोघींनाही इतक्या वर्षांत काही झालेलं नव्हतं. काकीचं वर्तुळ नोंद्यानं अजितकाकांच्या शेजारी, सून म्हणून, तिच्या खऱ्या जागी काढलं. तिला झाला तो आजार वयपरत्वे कुणालाही होऊ शकतो तसा झाला होता, त्याचा या अक्षराशी संबंध नव्हता.

"आता मोज," आजोबा म्हणाले.

तीर्थानं मोजलं. अभयमामा, अक्काआजी, महावीरमामा: तीन छापे. दोघी मुली निरोगी आणि त्यांच्यात अक्षरही नाही, म्हणजे तेही जुळलं: आणखी दोन. "पाच."

"निरोगी माणसांचं वजन थोडं कमी," नोंद्या म्हणाला, "कारण अक्षर असूनही काहींना आजार होत नाही. पण त्यांच्या जोडीला प्रयोगशाळेचा काठावरचा निकाल आहे, आणि हे अक्षर निरोगी लोकांत जवळजवळ सापडतच नाही. सगळं एकत्र करून मी तज्ज्ञांकडे पाठवलं आहे. कप्पा मी बदलत नाही. माणसं बदलतात."

निरनिराळ्या देशांतल्या त्या तज्ज्ञांनी आपापल्या ठिकाणी बसून सगळा पुरावा तपासला, उलटसुलट प्रश्न विचारले, आणि एका सोमवारी अक्षर तिसऱ्या कप्प्यातून चौथ्यात गेलं. बहुधा घातक. नियमांत एक ओळही वाढली: लग्नानंतर पहिलं नावही बदललेलं असू शकतं, विचारून घ्यावं.

आईनं तो निकाल वाचला. या खेपेला ती स्वयंपाकघरात गेली नाही. तिथेच बसून तिनं रुग्णालयाला फोन लावला आणि तपासणीची वेळ ठरवली. मग तीर्थाला म्हणाली, "तू येशील ना बरोबर? मला भीती वाटतेय."

"मलाही," तीर्था म्हणाली. तसं एकमेकींना सांगितल्यावर दोघींना जरा बरं वाटलं.

तपासणी झाली तेव्हा तीर्था आणि आजोबा बाहेरच्या बाकावर बसले होते. आजोबांनी एरवी शेजारच्या माणसाला एव्हाना पेशी समजावून दिली असती. आज ते गप्प होते, आणि त्यामुळे तीर्थाची भीती आणखीच वाढली. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी हातातल्या पडद्यावर एक चित्र दाखवलं. गुलाबी, ओलसर अस्तर, आणि त्यावर तुरीच्या डाळीएवढा एक कोंब.

"हा होता," त्या म्हणाल्या. "दुर्बिणीतूनच काढला. आणखी काही वर्षं राहिला असता तर मोठं ऑपरेशन लागलं असतं, किंवा त्यापेक्षा वाईट. आता काही नाही. पुढच्या वर्षी परत बघू."

"एवढासा?" तीर्थानं विचारलं.

"एवढासा असतानाच काढायचा असतो."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. तो काही खराब झालेला नव्हता.

आत आई गुंगीतून नुकतीच जागी होत होती. तीर्थानं तिचा हात धरला आणि इतके दिवस पोटात ठेवलेला प्रश्न विचारून टाकला. "आई, माझ्यात पण असेल का ते?"

"असेल किंवा नसेल," आई जड जिभेनं म्हणाली. "निम्मं-निम्मं."

"लहानपणी ते तपासत नाहीत," आजोबांनी मागून सांगितलं. "लहान वयात त्यानं काही होत नाही, मग उगाच कशाला घोर? तू अठराची झालीस की तुझं तू ठरव. तोवर दुर्बिणीपेक्षा सोपं काहीतरी निघालेलं असेल. त्यावर काम चाललंय."

"आणि असलं तर?"

"तर मी तुला बरोबर घेऊन येईन," आई म्हणाली. "बाहेरच्या त्या बाकावर मी बसेन. तू घाबरायचं, मी पण घाबरायचं. मग घरी जाऊन आमटी-भात."

दुसऱ्या दिवशी तीर्था केंद्रात गेली तेव्हा नोंद्या कामात होता. ज्या ज्या देशांत कुणाला हेच अक्षर सापडलं होतं, तिथल्या डॉक्टरांना नवा कप्पा कळवणं हे त्याचं काम. पडद्यावर जगाचा नकाशा होता आणि त्यावर मोजकेच ठिपके. एक ब्राझीलमध्ये, एक पोलंडमध्ये, दोन जवळजवळ, दुबईत. पोलंडहून उत्तर आलं होतं. नोंद्यानं ते मराठीत वाचून दाखवलं: 'आमच्याकडे एक बाई आहेत. चार वर्षं त्यांना आम्ही एकच उत्तर देत होतो, माहीत नाही. त्यांना आज फोन केला. त्या तपासणीला येत आहेत.'

तीर्थानं तो ठिपका बराच वेळ पाहिला. "नोंद्या, त्या बाईंना मुलगी आहे?"

"कोशात तसं काही ठेवत नाहीत."

"असेल," तीर्था म्हणाली. "आणि ती आज रात्री नीट झोपणार नाही. त्या डॉक्टरांना कळव, म्हणावं, मुलगी असेल तर तिला पण बरोबर येऊ द्या."

असं कळवायचं की नाही, याबद्दल नोंद्याच्या नियमांत काहीच नव्हतं. त्यानं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मान हलवली, आणि त्यानं कळवलं.